शालूताईची धक्कास्टार्ट जीप

शालूताई आमच्याशी खोटं बोलत होती. वर्षानुवर्षं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं, आणि आजच सकाळी हे उघडकीला आलं.

तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय. बसवत नाही. म्हणून लिहितोय.

तुमच्यापैकी ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी: शालूताई म्हणजे नरखेडकडची लेक, नागपूरच्या रामदासपेठेतली सून, शाळेतून रिटायर झालेली बाई. आणि एका खटारा जीपची ड्रायव्हर.

शाळेच्या वेळेला एसटी नाही, म्हणून खेड्यातल्या मुली सातवीनंतर घरी बसतात, हे तिला सहन व्हायचं नाही. ती गावोगाव सभा घ्यायची. बोलायला मी, गाडी चालवायला ती.

मी बॉनेटवर उभा राहून घसा फोडायचो. सरकारला झोडपायचो, पोरींच्या बापांना झोडपायचो. टाळ्या पडायच्या.

आणि मग जीप सुरू व्हायची नाही.

स्टार्टर खराब. दर वेळी. अख्खी सभा मागे लागून धक्का मारायची.

"ताई, भाषण ऐकाले बोलावता का धक्का माराले?"

"दोन्हीले गा! लाव जोर! तुह्याच पोरीसाठी एसटी मागून राहिलो ना!"

मला लाज वाटायची. एवढी आग ओकायची आणि शेवटी हे हसं!

"ताई, स्टार्टर का बनवत नाहीस?"

"बनवू गा भाऊ. घाई काय हाय?"

गाडीचं सगळं काम ती माहेरच्या एकाच मिस्त्रीकडे करायची. नागपुरात कोणाला इंजिनला हात लावू द्यायची नाही.

ती गेल्यापासून जीप अंगणात उभी. ताईचे यजमान मनोहरराव वर्षभर गाडीकडे न बघता फाटकातून ये-जा करत होते. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, वर्ष भरलं की भंगारात.

मी भांडलो. कडकडून भांडलो.

"मनोहरराव, जुनं दिसलं की फेका, ही बाजारानं लावलेली सवय आहे! वस्तू फेकता फेकता आपण माणसं फेकायला शिकतो!"

"टाळ्या वाजवू का भाऊ?" ते म्हणाले. "तुम्ही भाषण करून घरी जाता. मले ते गाडी रोज खिडकीतून दिसते."

 

शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की एकदा मिस्त्रीला दाखवू. तो नाही म्हणाला, तर मी तोंड उघडणार नाही.

आज सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी आणि शहराबाहेरच्या वाडी गावचा देवा मिस्त्री जीपखाली. दोघं एकाच वेळी.

देवा हात पुसत बाहेर आला. "इंजिन जिंदा हाय साहेब. पण खालचा पत्रा सडला, ब्रेकचं काम हाय, टायर घासले. इतक्या खर्चात दुसरी गाडी येते. मी तुमच्या जागी असतो तं नसती बनवली."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

भंगारवाला दोर घेऊन पुढे आला.

"न्या," मनोहरराव म्हणाले. "तसाही स्टार्टर तं कधीचाच गेलेला आहे."

"स्टार्टर?" देवा म्हणाला. "स्टार्टर तं मस्त हाय साहेब. वायर काढून ठेवली हाय न कोणीतरी. हे पाहा."

वायरच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. आणि टेपचं टोक किंचित दुमडलेलं, पुन्हा उघडायला सोपं जावं म्हणून.

घरातल्या प्रत्येक पुड्याला शालूताई टेप अशीच लावायची.

 देवानं वायर जोडली, आपली बॅटरी लावली, किल्ली फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि सुरू झाली. एकटी. कोणाच्याही धक्क्याशिवाय.

मनोहरराव पायरीवर बसले.

"सभेतल्या लोकांचं समजलं मले," ते जीपकडे बघत म्हणाले. "पण मले बी? अवं, मी रोज सकाळी ऑफिसचे कपडे घालून धक्का मारत होतो! पावसात! बीपीची गोळी खाऊन! मले काहून वं?"

आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

"कोपऱ्यावर थांबायची भाऊ. मी धापा टाकत पोचलो की दार उघडायची. 'बसा साहेब' म्हणायची. मंग ऑफिसले सोडायची."

मग म्हणाले, "वर्ष झालं. कोणी धावाले नाही लावलं."

मी मात्र तिथेच फेऱ्या मारत होतो. मला वाटायचं, गावं माझ्या भाषणांनी आपली झाली. पण दुसऱ्या खेपेला कोणी म्हणायचं नाही की साहेब आले. म्हणायचे, "आपली गाडी आली!"

ज्यानं धक्का मारला, त्याची गाडी. आणि ज्याची गाडी, त्याची लढाई. मी इतकी पुस्तकं वाचली, हे एका वाक्यात कुठे सापडलं नाही. तिनं एक वायर काढून ठेवली आणि झालं.

मनोहरराव उठले.

"बनव देवा. पत्रा, ब्रेक, सगळं. फक्त ते वायर काढून ठेव."

"काहून साहेब? चालू झाली न आता!"

"टेप लाव. टोक दुमडून."

देवानं आपली बॅटरी काढून घेतली आणि जीप भंगारवाल्याच्याच टेम्पोला दोर बांधून वाडीच्या गॅरेजला गेली. फाटकापर्यंत मात्र धक्का लागला. मी, मनोहरराव, आणि शिव्या देत भंगारवाला.

एसटी अजून सगळ्या गावांत पोचलेली नाही. जीप बनून आली की पहिली सभा ताईच्या माहेरी. माझं भाषण ऐकायला नाही आलात तरी चालेल.

धक्का मारायला या.

ताई, पकडली गेलीस. पण तुझी लबाडी आम्ही अशीच चालू ठेवतोय. तुला यापेक्षा वेगळी श्रद्धांजली आवडलीही नसती.