वाइनमधली लवंग

वाइन विकत घेणाऱ्या माणसांइतकी भाबडी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका एसेन्सच्या कंपनीत मी बत्तीस वर्षं काढली. स्ट्रॉबेरी न घालता स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम कसं लागावं, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे लोक किती सहज फसतात याचा मला चांगला अंदाज होता. पण आइस्क्रीम खाणाऱ्याला आपण फसतोय हे माहीत तरी नसतं. वाइनवाले त्यासाठी स्वतःहून दुकानात येतात.

आमची मुलगी ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका वाइनच्या दुकानात काम करते. एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेलो होतो. आत थंडगार एसी, पिवळे दिवे आणि देशांच्या पाट्या लावलेली कपाटं. फ्रान्स, इटली, चिली, ऑस्ट्रेलिया आणि दाराजवळ आपलं नाशिक. बर्म्युडा घातलेले एक गृहस्थ चमचाभर वाइन ग्लासात गोल गोल फिरवत होते. त्यांनी दुसऱ्या हातातल्या बाटलीचं मागचं लेबल हळूच वाचलं, मग ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, "ब्लॅकबेरी येतेय बघ. आणि मागून थोडं लेदर." बायकोलाही लगेच लेदर आलं. लेबलावर धुण्याचा साबण लिहिला असता तर त्या दोघांना साबणही आला असता. मी डबा काउंटरवर ठेवला आणि मुलीकडे बघून हसलो. ती हसली नाही, तिला बिल करायचं होतं.

तिला त्या काउंटरवरून सुटायचं होतं. त्यासाठी ती एका परीक्षेची तयारी करत होती. परीक्षेत बाटल्या झाकलेल्या असतात. समोरच्या ग्लासातली वाइन कुठल्या मुलखातली, कुठल्या द्राक्षाची, कशी मुरवलेली, हे वासावरून आणि चवीवरून लिहून द्यायचं. पास झाली तर नाशिकच्या एका वायनरीत तिची नोकरी ठरल्यासारखी होती. सव्वीस वर्षांची मुलगी, बीएस्सी झालेली, एवढं एकच तिने आमच्याकडे मागितलं होतं की दोन वर्षं लग्नाचं काढू नका, मला हे करू द्या.

तिच्या आईला ते पटत नव्हतं. बायको दर रविवारी विहारात वंदनेला जाते आणि पंचशील तोंडाने म्हणून मोकळी होत नाही, पाळते. तिने मुलीला सरळ विचारलं होतं, "तू ते गिळतेस का?"

"नाही गं आई. चव घेऊन थुंकायची असते. बादली ठेवलेली असते."

"एवढं शिकून थुंकायची नोकरी," बायको म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. पण तिने अडवलं नाही.

मुलीकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कुठल्या मुलखातली वाइन कशी असते आणि ती घेताना काय बघायचं, हे त्यात नकाशे काढून सांगितलं होतं. मी ते करमणूक म्हणून चाळायचो. फ्रान्समधल्या शाब्ली गावच्या वाइनला म्हणे ओल्या दगडाचा वास येतो. आमची मेहुणी दिवा स्टेशनजवळ राहते, तिथे चार दिवसांनी नळाला पाणी आलं की अख्ख्या गल्लीला ओल्या दगडाचा वास येतो, त्याचं कोणाला काही कौतुक नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरोला कापलेलं गवत आणि ढोबळी मिरची. जर्मनीतल्या रिझलिंगला, जुनी झाली की, रॉकेलचा वास येतो, आणि तो चांगला समजतात. माझ्या आईच्या पदराला जन्मभर रॉकेलचा वास होता. तिच्याजवळ बसून कोणी डोळे मिटले नाहीत.

ही चेष्टा मी अधिकाराने करत होतो, कारण कंपनीत माझं नाक हेच माझं पद होतं. आमच्याकडे कागदाच्या लांबट पट्ट्या असत. एसेन्समध्ये टोक बुडवायचं, हलवायचं, हुंगायचं, आणि काय येतं ते लिहायचं. चार-पाच पट्ट्यांनंतर नाक थकतं, मग आपल्याच कोपराच्या खळगीत नाक घालून दोन श्वास घ्यायचे. स्वतःच्या अंगाच्या वासाने नाक ताळ्यावर येतं. वासाच्या पॅनलवर नवीन माणूस घ्यायचा असला की मी त्याच्या पट्ट्यांत एक कोरी पट्टी सरकवायचो. नुसता कागद. ज्याला त्यात गुलाब नाहीतर मध यायचा, त्याला मी दुपारच्या आत पॅकिंगला पाठवायचो. मोठ्या डिग्रीचे दोघेतिघे असे गेले. ते खाली मान घालून निघाले की मला फार बरं वाटायचं, हे कबूल करतो.

मुलगी लहान असताना आम्ही हाच खेळ घरी खेळायचो. हिंग, ओवा, वेलची, आणि मध्येच एक कोरी. सात वर्षांची असताना तिने पट्टी माझ्या हातात परत दिली होती, "पप्पा, यात काहीच नाहीये." मी ती गोष्ट कंपनीत सगळ्यांना सांगितली होती.

मग ती साथ आली. आम्हा तिघांनाही ताप आला आणि तिघांचाही वास गेला. बायकोचा पंधरा दिवसांत परत आला, मुलीचा महिन्याभरात. माझा आलाच नाही. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, ते मी जुने फॉर्म्युले वापरून आणि हाताखालच्या माणसांवर ओरडून काढले. नाकाला जितकं कमी कळत होतं तितका माझा आवाज चढत होता. घरी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही. एकदा मी पेपर वाचत बसलेला असताना गॅसवरचं दूध करपून भांडं काळं झालं, सगळा मजला दारात आला, तेव्हा डोळा लागला होता असं सांगून मी वेळ मारून नेली.

तर मुलगी म्हणाली, "पप्पा, रविवारी सकाळी माझ्यासोबत बसाल का? तुमच्यासारखं नाक आमच्या क्लासमध्ये सरांचंही नाही."

मी म्हटलं, "आपल्यात पाचवं शील आहे. मी दारूच्या ग्लासात नाक घालणार नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, शील न पिण्याचं आहे. वास घ्यायला कोणी अडवलंय? कंपनीत रमचं एसेन्स करत होतात तेव्हा कुठे होतं शील?"

त्या बाईने माझी शेवटची पळवाट अशी बंद केली. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

मग मी ते पुस्तक पाठ केलं. मुलगी दुकानात गेली की सोफ्यावर बसून मी मुलूख घोकायचो. बोर्दो म्हणजे पेन्सिलीचं लाकूड आणि करवंदासारखं काहीतरी काळं फळ, ऑस्ट्रेलियाचं बरोसा म्हणजे मिरी आणि जॅम, नाशिकची पांढरी शेनिन म्हणजे पेरू आणि लिंबाची साल. लवंग, दालचिनी, व्हॅनिला आली तर वाइन लाकडी पिंपात मुरवलेली, नाहीतर स्टीलच्या टाकीतली. शाळेत इतिहास-भूगोल मी इतक्या मन लावून कधी केला नव्हता. रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी, फोडणी पडायच्या आत, मुलगी ग्लास मांडायची. बाटली टेबलावरच असायची. मी लेबलाकडे चोरून बघायचो, ग्लास फिरवायचो, मध्येच कोपर हुंगायचो आणि पुस्तकातलं म्हणून दाखवायचो. त्या बर्म्युडावाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी फुल पँट घातली होती.

एका रविवारी नाशिकची शेनिन होती. मुलीने हुंगलं आणि म्हणाली, "लवंग येतेय."

पुस्तकात शेनिनपुढे लवंग नव्हती. मी म्हटलं, "लवंग कुठून येणार? पांढरी वाइन आहे ती. पेरू आहे, नीट बघ."

"पेरू आहेच. पण मागून लवंग येतेय, पप्पा."

"तुझं नाक थकलंय. बत्तीस वर्षं मी लवंगेच्या तेलात हात घातलेत, मला कळणार नाही का?"

तिने पुन्हा हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहीत लिहिलेली लवंग खोडली. पुढच्या रविवारी तिने खोडायचं काही ठेवलंच नाही, आधी मला विचारलं आणि मग लिहिलं. त्यानंतरही तसंच. क्लासच्या सराव परीक्षेत ती नापास झाली. अर्धे रकाने कोरे सोडून आली होती. सरांनी तिला विचारलं, वास येत नाही का? ती म्हणाली, येतो, पण तो बरोबर आहे की नाही ते कळत नाही. हे तिने मला जेवताना सांगितलं. मी भात कालवत राहिलो आणि सरांना काही येत नाही असं म्हणालो.

खऱ्या परीक्षेला दहा दिवस राहिले असताना तिने रविवारी टेबलावर एकही बाटली मांडली नाही. पाच पट्ट्या आणल्या, आमच्या कंपनीत असायच्या तशा, ड्रॉइंगच्या कागदाच्या कापलेल्या. चोरून बघायला लेबल नव्हतं.

"कुठल्या आहेत?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती एकेक नाव सांगत गेली. बोर्दो, बरोसा. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, ती लिहून घेत होती. तिसरी पट्टी देताना ती म्हणाली, "मार्लबरो."

मी पट्टी नाकाखाली फिरवली. "ढोबळी मिरची. कापलेलं गवत. आणि मागे थोडं पॅशनफ्रूट." पॅशनफ्रूट मी जन्मात खाल्लेलं नाही.

"नक्की ना?"

मी कोपराच्या खळगीत नाक घातलं, दोन श्वास घेतले, पट्टी परत हुंगली आणि म्हटलं, "नक्की."

तिने पेन खाली ठेवलं. "पप्पा, ही कोरी आहे."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी उलट ओरडलो असतो, ते मला येतं. आत कुकरच्या तयारीचा आवाज थांबला, म्हणजे बायकोही ऐकत होती. पॅकिंगला पाठवलेली ती माणसं मला आठवली नाहीत, आठवली असं लिहायला बरं दिसलं असतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या मुलीने माझ्यासाठी कोरी पट्टी कापली होती, आणि ती कापण्याच्या आधी तिने किती रविवार स्वतःलाच चूक ठरवलं असेल.

"साथीपासून," मी म्हटलं. "काहीच येत नाही. दूध करपलं तेव्हाही जागाच होतो मी."

तिने ती कोरी पट्टी बाजूला ठेवली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, आधी का नाही सांगितलं, डॉक्टरांना दाखवू या, असलं काहीतरी. तिने विचारलं, "मग त्या दिवशी शेनिनमध्ये लवंगच होती ना?"

मला काय माहीत. मी उठून गॅलरीत गेलो. त्या शेनिनच्या रिकाम्या बाटलीत बायकोने मनीप्लँट लावला होता. वाइन लाकडी पिंपात मुरवली असेल तर बारीक अक्षरांत मागे लिहिलेलं असणार, तेवढं वाचून मुलीला काय ते पक्कं सांगावं, असं माझ्या मनात होतं. बाटली फिरवून बघितली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून बायकोने लेबल भिजवून, घासणीने घासून साफ काढून टाकलं होतं. हिरवी काच, पाणी आणि मुळं. वाचायला काही नव्हतं.

मी आत आलो आणि म्हटलं, "लवंगच होती."

"कशावरून?"

"तुला आली म्हणून."

तिने वही काढली, मागची पानं उलटली, आणि खोडलेल्या जागेच्या वर पुन्हा लवंग लिहिलं. मग राहिलेल्या दोन पट्ट्या तिने स्वतः हुंगल्या. मला विचारलं नाही.