अबोलीच्या काकू

"बोलू नये, पण बोलते गो," अशी आमच्या शेजारच्या काकूंची सुरुवात असायची, आणि मग पाऊण तास सुटका नसायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला तळमजल्यावर आम्ही भिंतीला भिंत लागून राहायचो. अशा बाईने मागच्या अंगणात लावावं काय, तर अबोली!

डालड्याच्या डब्यांत रोपं करून त्यांनी कुंपणालगत रांग धरली होती. "वास नाही म्हणून काय झालं? रंग बघ!" म्हणायच्या. वाळक्या तुऱ्यांवर पाणी पडलं की शेंगा तडतड फुटायच्या आणि बी लांब उडायचं. "बघ, माझी अबोलीसुद्धा बोलते," म्हणून स्वतःच हसायच्या.

काकू विधवा, त्यामुळे फूल माळत नसत. पण रोज सकाळी माझ्या दाराच्या कडीला एक वेणी अडकवलेली असायची. मी ऑफिसला निघाले की खिडकीतून हाक यायची, "वळ गो, बघू दे." मी पाठ करून उभी राहायचे. "झकास!" आलं की मगच निघायचं.

एकदा माझ्याकडे हळदीकुंकू होतं. काकू देवळात गेलेल्या. मी न विचारता सगळी रांग ओरबाडली, कळ्यांसकट. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मला सांगायचंस तरी. मीच करून दिल्या असत्या वेण्या." मी दमले होते. फटकन बोलून गेले, "तुम्हाला तरी कुठे माळायच्या आहेत?"

काकूंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तो अबोला शेवटपर्यंत टिकला. जीभ माझी घसरली होती, माफी मीच मागायला हवी होती. मी रोज उद्यावर ढकलत राहिले. वर्षभराने काकू रोपांचे डबे घेऊन भाच्याकडे विक्रोळीला राहायला गेल्या. मुलुंडहून तीन स्टेशनं. जाऊ जाऊ म्हणता दोन वर्षं गेली, आणि एक दिवस भाचाच सांगायला आला, काकू गेल्या. मला अजून त्याची लाज वाटते.

तोवर माझ्या धुण्याच्या दगडापाशी अबोली उगवून आली होती. काकूंच्या रांगेतलंच बी, दुसरं कुठलं?

आता वेणी मीच करते. निघताना कुलूप लावते आणि काकूंच्या खिडकीकडे पाठ करून क्षणभर उभी राहते. तिथे नवं बिऱ्हाड आलंय. त्या बिऱ्हाडातल्या सुनेने एकदा खिडकीतून विचारलं, "काही राहिलं का हो?"

"राहिलं," म्हटलं.