डावी कळी

काशीराम गुरवाने चाळीस वर्षं देवीला कौल लावले. भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या पाषाणावर चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, भांडणं, विहिरी, सगळा गाव त्या दोन कळ्यांवर चालायचा. माणूस तसा भित्रा, पण ह्या बाबतीत त्याने कधी लबाडी केली नव्हती.

यंदा शिमग्याआधी प्रश्न आला तो गंगाच्या दाराचा: देवीची पालखी तिथे थांबवायची की नाही. ती विधवा. तिचा मुलगा दीपक हातखंब्याला गॅरेज चालवतो आणि अश्फाकबरोबर एकाच खोलीत, जोडीने राहतो. दोघांत एक मुलगी असती तर गावाने टीव्हीवरचा 'लव्ह जिहाद' हा शब्द लगेच चिकटवला असता. इथे दोघेही बाप्ये! मग मोबाइलवर महिनाभर नुसती शिवीगाळ चालली. अश्फाकला त्याच्या जमातीनेही दार बंद केलं. आणि गंमत बघा, हीच पालखी दरवर्षी अश्फाकच्या आजोबांच्या दारी थांबून मानाचा नारळ घेते. तिथे धर्म आडवा येत नाही.

गंगाचं म्हणणं एकच होतं. "गावाला काय बोलायचाय ता बोलू दे. देवी दारात आली, तर मी माज्या पोराला घरात घेनार. त्या दुसऱ्यालापन."

मानकरी दत्तात्रेय काशीरामाला बाजूला घेऊन म्हणाले, "कौल लाव. काय पडाया हवा, ता तुला कळतंय. नायतर गुरवकी दुसऱ्याकडं जाईल."

पहाटे पूजेला देवळात कोणी नसताना काशीरामाने एकट्याने कौल लावून पाहिला. उजवी कळी पटकन पडली. देवीची काही हरकत नव्हती.

सकाळी गाव जमला, तेव्हा त्याने उजवी कळी चांगली भिजवून दाबली, डावी नुसती टेकवली. डावी पडली. लोकांनी हात जोडले. पालखी ढोल वाजवत गंगाच्या दारावरून पुढे गेली. सारवलेल्या अंगणात ती ओटीचं ताट घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती देवळात आली. काशीरामाला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काशीदा, मानसांशी मी जनमभर भांडले असते," ती म्हणाली. "पन देवीनंच नुको सांगितलान. दीपकला फोन केला मी. म्हटलं, आता ह्या घरात पाय ठेवू नुको."

काशीरामाने तिच्या हातावर तीर्थ घातलं. तिने ते मनोभावे घेतलं आणि ओला हात डोळ्यांना लावला.