वस्तीची जागा

रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "वस्तीला आलात?" मी ऐटीत "हो" म्हणालो. मुक्कामाच्या पाहुण्यांच्या गाड्या दारातच लागतात. आमच्यासारख्या, संध्याकाळपर्यंत डुंबून परतणाऱ्यांच्या लांब मैदानात. हे पोट घेऊन कोण चालणार?

चिंचपोकळीचा आमचा नेहमीचा ड्रायव्हर चप्पल काढून गाडी चालवतो, लाल सिग्नललाही "बरं" म्हणतो. तो पुटपुटला, "ही जागा आपली नाय, काका."

तासाभराने मॅनेजर दारातल्या आमच्या गाडीवरून वॉचमनला सगळ्यांदेखत झापत होता. मी बायकोला तिथेच सोडून रबरी ट्यूबांच्या ढिगाआड सरकलो. ड्रायव्हर पुढे झाला. "त्याला नको बोलू साहेब. वस्तीला आलोय असं मीच सांगितलं." मग गाडी मैदानात लावून तो उन्हातून चालत आला.

परतताना मी सवयीने त्याच्या शेजारी बसायला गेलो. बायको म्हणाली, "मागे बसा. ती जागा तुमची नाही."