फ्लेक्सवरची मावशी

"कडी लावा आधी." मावशीच्या खोलीत पाऊल टाकलं की हेच ऐकू यायचं. भरदुपार असो, दारात शेजारी असो की सिलिंडरवाला, कडी लागल्याशिवाय ती पुढचा शब्द बोलायची नाही. मला हसू यायचं. मी शेगावातल्या एका शाळेत लिपिक, तिचा भिंतीपलीकडचा शेजारी. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला फार उशीर झाला.

तुम्ही कधी दर्शनाला आला असाल, तर लॉजवर तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्याही असतील. पोळ्या पोचवल्या की ती स्टेशनवर जायची. दर्शनाला आलेली बाई उतरल्या उतरल्या रिक्षा शोधते. एखादी मात्र लेकराला कवटाळून बाकावरच बसून राहते, गाड्या येतात नि जातात. मावशी तिच्यापाशी जाऊन बसायची. "आधी चाय पे, मंग रड," म्हणायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या कितीतरी बायका अशा तिच्या खोलीत राहून गेल्या. कोणी आठवडा, कोणी चार महिने. नाव-गाव ती विचारायची नाही. "मले माईतच नसलं, तं माह्या तोंडून निंगन कसं?"

असं माणूस आपल्या गल्लीत आणि देशाला त्याचा पत्ता नाही, हे मला खुपायला लागलं. पद्म पुरस्कारासाठी कोणीही कोणाचं नाव सुचवू शकतं, हे कळल्यावर तर मी पेटलोच. शाळेतली निरोपाची भाषणं मीच लिहून देतो, शब्दांची मला कमी नाही. आठ दिवस खपून ऑनलाइन अर्ज भरला. मावशीला विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती.

पण माझ्या पोटात काही राहत नाही. गल्लीतल्या मंडळाला सांगून बसलो. आपल्याकडे अर्ज केला म्हणजे अर्धा पुरस्कार मिळालाच. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मावशीचा फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'शेकडो पीडित भगिनींचा आधार' आणि शेवटी आमच्या गल्लीचं नाव. मजकूर माझाच होता.

मी कौतुकाने तिला दाखवायला घेऊन गेलो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने वाचला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"भाऊ, हे काऊन केलं?" ती म्हणाली. "माही खोली कोनाले माईत नोती, म्हून त्या जित्या होत्या."

तेव्हाही तिच्याकडे एक बाई होती, भाजलेल्या हाताची, सोबत तीन वर्षांची मुलगी. मी फ्लेक्स स्वतः उतरवला, पण तोवर तो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचला होता. दोन दिवस मी गल्लीत शिरणारी प्रत्येक गाडी खिडकीतून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर दोघे आले. एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. फ्लेक्सचाच फोटो.

"थे बाई कुठी राह्यते, काका? सत्कार करा लागते तिचा."

आवाज अगदी गोड. हातात हार नव्हता, नारळ नव्हता. तेवढ्यात भिंतीपलीकडे ती मुलगी खुदकन हसली. मी मोठ्याने खाकरलो.

"त्या आता इथं राह्यत नाही," कसंबसं म्हणालो. "स्टँडामांगं गेल्या."

ते गेले. अर्ध्या तासात परत येणार, हे मला ठाऊक होतं. धावत पलीकडे गेलो, तर मावशीने सगळं ऐकलं होतं. मळलेली कणीक तशीच परातीत टाकून आम्ही मागच्या बोळातून निघालो. मी मुलीला उचललं होतं. मागून मोटारसायकलचा आवाज आला की आम्ही भिंतीला चिकटायचो.

स्टेशनवर पहिली आली ती गाडी धरली. त्या दोघींना आत बसवून मावशी खिडकीशी आली. मी पिशवी आत दिली.

"कुठं उतरणार, मावशी? मी येईन भेटायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुमाले नाही सांगत, भाऊ," ती हळूच म्हणाली. "तुमी लिहून टाकता."