चुलीवरचं झाकण

आज वर्तकनगरच्या घरी सुका जवळा तव्यावर टाकला आणि त्या वासाने मला कॉलेजच्या दिवसांत नेलं. एके काळी हा किस्सा मी हसत सांगायचे. आता नाही सांगवत.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका जुन्या घराचं कॉलेजने संग्रहालय केलं होतं; आम्ही वर्गातल्या मुली ते बघायला गेलो होतो. उखळ, पाटा, जाळं, सगळ्यावर पाट्या. जवळ्याचा वास येत होता, पण तो तर अख्ख्या कोळीवाड्यालाच होता. चुलीवर मडकं दिसलं, विस्तव राखेआड होता; आत मातीचे मासे असतील म्हणून मी झाकण उचललं. भस्सकन वाफ तोंडावर आली! मी किंचाळलेच. आत जवळा रटरटत होता.

"झाकन ठेव गो," मागच्या दारातून एक म्हातारी आली. "सर बोलले, पोरी घर बगायला येतील. म्हनून काय मी जेवू नको?"



तिने चुलीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "काय लिवलंय त्यावर?"

मी वाचलं, "पूर्वीच्या कोळी लोकांचं स्वयंपाकघर."

"पूर्वीच्या?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग मी कोन?"

झाकण अजून माझ्या हातातच होतं.