रिकाम्या खुर्चीपुढं वाचणारी

दर सोमवारी मी लेकीकडं बीडला जाते ना, तेव्हा नांदूरघाटच्या एसटीत ती पोरगी भेटायची. नाव काही मी कधी विचारलं नाही. पीएचडी करायची, आणि बोलताना सारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. तिचे गाईड सर दिवाळीत वारले. नवे कुणी विद्यापीठानं दिले नाहीत, म्हणजे कागदोपत्री सरच तिचे गाईड. आणि नियम असा, की गाईडपुढं काम वाचून दाखवलं नाही तर नोंदणीच रद्द. मग शिपाई सरांची खोली उघडून द्यायचा आणि ही रिकाम्या खुर्चीपुढं वाचायची.

"अगं, मेलेला माणूस काय सांगनार हाय तुला?" मी हसले.

"आधी मलाबी तसंच वाटायचं, मावशी. आता मधीच थांबवतात. परत लिव्हा म्हणतात."

माझं हसू तिथंच राहिलं.

परवाच्या सोमवारी म्हणाली, नवे गाईड मिळाले. मला लई बरं वाटलं. "सुटलीस बाई एकदाची!" म्हणत मी तिच्या शेजारी खिडकीच्या रिकाम्या जागेवर बसायला गेले, तर तिनं माझा हातच धरला.

"हळू बोला, मावशी. सरांना अजून सांगितलं न्हाई."

बीड येईपर्यंत मी दांडा धरून उभीच होते.